वर्दी : हिंगण्याच्या माळापासून कर्वेनगरापर्यंत

यंदाच्या स्मरणिकेसाठी आपल्या वस्तीच्या इतिहासावर काही लिहून द्यावे, असा चिटणीस भगिनींचा निरोप आला, तेव्हा माझ्या मनात प्रथम आले ते असे की, कर्वेनगरचा इतिहास म्हणजे महर्षींचा इतिहास, आणि तो आपल्यापैकी प्रत्येकीला पाठच आहे. शाळेतल्या मुलीही तो भाषणात घडाघडा म्हणून दाखवितात. मग मी आणखी काय लिहिणार? परंतु त्याच आठवड्यात मंडळाच्या सभेत एक साधाच विषय निघाला. कोपऱ्यावरच्या गटाराचे झाकण दोन दिवस जागेवर नव्हते. जाता-येता सगळ्यांनी ते पाहिले होते आणि कोणीही कोणाला कळविले नव्हते. प्रत्येकीला वाटले, दुसरीने कळविले असेल. एका वहिनींचा पाय त्यात गेला आणि मुरगळला, तेव्हा कोठे चर्चा झाली. घरी परतताना वाटले, आपल्या वस्तीचा इतिहास या अंगानेही सांगता येईल. संकटे कोणती आली हे सर्वच लिहितात. संकटाची बातमी कोणी, कोणाला, केव्हा दिली, हे सहसा कोणी लिहीत नाही. जुन्या लोकांचा या कामासाठी एक नेमका शब्द होता, वर्दी. त्या वर्दीची ही हकीगत आहे.

आपण आज ज्याला कर्वेनगर म्हणतो ते मूळचे हिंगणे बुद्रुक. मुठेच्या डाव्या तीरावर हे, आणि समोर उजव्या तीरावर विठ्ठलवाडीचे हिंगणे खुर्द. बुद्रुक म्हणजे मोठे, खुर्द म्हणजे धाकटे. दोन्ही शब्द फारसीतून आले आणि आपल्याकडच्या गावांच्या नावांत कायमचे राहिले. देशावरच्या अशा कोणत्याही गावात वर्दीची व्यवस्था ठरलेली असे. वेशीवर वेसकर, रात्री गस्त घालणारा जागल्या. परका माणूस गावात शिरला, कोणाचे जनावर नाहीसे झाले, ओढ्याला पाणी चढले, की खबर प्रथम चावडीवर पाटलाकडे जावयाची. साऱ्या गावाला कळवावयाचे तर दवंडी. छापखाना नाही, तार नाही, तरी घटकाभरात बातमी शेवटच्या घरापर्यंत पोहोचत असे.

या चित्राला सोनेरी चौकट लावण्याचा मोह होतो, पण तो आवरला पाहिजे. वेसकरीचे आणि निरोप्याचे काम गावाने पिढ्यान् पिढ्या महार समाजाच्या माथी मारले होते आणि रखवालीचे रामोशांच्या. परगावी मयताची खबर न्यावयाची तर भर पावसातही त्यालाच निघावे लागे. ज्याने साऱ्या गावाला सावध करावयाचे, त्याचे स्वतःचे घर मात्र वेशीबाहेर. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात या वतनांविषयीचे विधेयक मांडले, त्यामागे हीच वेठ होती. पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली. ती जाणे न्याय्यच होते. परंतु ते काम ज्यांच्यावर लादले होते ते त्यातून सुटले, तेव्हा उरलेल्या आपण सर्वांनी ते वाटून घ्यावयास हवे होते. ते आपण घेतले काय, हा प्रश्न राहतोच.

आता प्लेगाकडे वळते, कारण आपली वस्ती वसली ती एका अर्थाने प्लेगामुळेच. १८९६ च्या उत्तरार्धात मुंबईत साथ सुरू झाली आणि लवकरच ती पुण्यात आली. त्या काळच्या बायका सांगत, प्लेगाची पहिली वर्दी उंदीर देतो. घरात उंदीर पडलेला दिसला की चूल विझवावयाची, अंथरुणे-पांघरुणे गुंडाळावयाची आणि माळावर झोपडी टाकून राहावयास जावयाचे. हे शास्त्र कोणा पुस्तकातले नव्हते. ते घर झाडणाऱ्या बाईचे शास्त्र होते, कारण वळचणीखाली मेलेला उंदीर प्रथम तिलाच दिसावयाचा.

याच साथीने वर्दीसंबंधी एक कठोर गोष्ट शिकविली. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला आणि पुण्यात रँडसाहेबाच्या हाताखाली गोऱ्या सोजिरांकडून घरांची झडती सुरू झाली. देवघरापर्यंत बूट गेले, बायकामाणसांची विटंबना झाली, सामान रस्त्यावर आले. परिणाम काय झाला? लोक आजारी माणूस लपवू लागले. खबर दिली तर घराची धूळधाण होते असे एकदा मनात बसले, की खबर देतो कोण? रोग्याला माळ्यावर निजविले, मयत गुपचूप उरकले, आणि रोग मात्र शेजारी गेला. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. तो इतिहास सर्वांस ठाऊक आहे. झडतीच्या भीतीने न दिल्या गेलेल्या वर्दीमुळे किती घरे बसली, तो इतिहास मात्र कोणी लिहिला नाही.

त्याच वर्षीचे दुसरे उदाहरण अगदी उलट आहे. हडपसरजवळ सासने यांच्या माळावर सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंतराव यांनी प्लेगाच्या रोग्यांसाठी दवाखाना चालविला होता. मुंढव्याला एक मुलगा आजारी आहे असे कळताच सावित्रीबाई स्वतः गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन आल्या. त्या संसर्गानेच १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. मुंढव्याच्या त्या घरातून त्यांच्यापर्यंत बातमी आली, कारण त्यांच्या दारात बातमी देणाऱ्याला शिक्षा होणार नव्हती. हा फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे. आपणही हे पाहिले आहे. ९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातले पहिले कोरोनाचे रुग्ण पुण्यात सापडले, तोच १८९७ चा कायदा पुन्हा अमलात आला, आणि सोसायटीच्या जिन्यात ‘त्या मजल्यावर कोणीतरी आहे म्हणे’ अशी कुजबूज सुरू होताच लोक खोकलाही दाबू लागले. सव्वाशे वर्षांत औषधे बदलली. जिन्यातली कुजबूज तीच.

असो. अण्णांनी, म्हणजे धोंडो केशव कर्वे यांनी, अनाथ बालिकाश्रमाची संस्था १८९६ साली काढली. आश्रम आधी पुण्यात सदाशिव पेठेत होता. विधवांनी एकत्र राहून शिकावे हे गावाला रुचत नव्हतेच, त्यात प्लेग पुन्हा उसळला. गावाबाहेर जाणे भाग होते. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याची सहा एकर जमीन आणि साडेसातशे रुपये दिले. पाचशे रुपये खर्चून त्या माळावर एक झोपडी उभी राहिली आणि १९०० साली आश्रम तेथे आला. ती झोपडी संस्थेने आजही जपून ठेविली आहे. नव्या सुना, लेकी, पाहुण्या आल्या की आपण त्यांना ती दाखवितो, आणि त्या म्हणतात, “एवढीशीच?”

एवढीशीच. पण ती रात्री कशी दिसत असेल याचा विचार आपण क्वचितच करतो. आज त्या रस्त्याला दिव्यांची रांग आहे आणि रात्री अकरालाही रिक्षा मिळते. तेव्हा पुणे शहर चार मैल लांब आणि मध्ये शेते, ओढे, बाभळी. आत मोजक्या तरुण विधवा, ज्यांच्या पाठीशी बहुधा माहेर नाही आणि सासरही नाही. साप, विंचू, अंधार, चोर यांची भीती होतीच, पण सर्वांत मोठी भीती ही की, काही झाले तर कळवावयाचे कोणाला आणि कसे?

याला उत्तर एकच होते, आणि ते पायी चालत येई. अण्णा तेव्हा फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवीत. कॉलेज आटोपले की ते हिंगण्याची वाट धरीत. आश्रमाला लागणारे सामानसुमान खांद्यावर. पावसाळ्यात तो रस्ता म्हणजे नुसता रेंदा. मुलींना शिकवावयाचे, विचारपूस करावयाची आणि परतावयाचे. आपण त्यांच्या त्यागाचे वर्णन करतो ते योग्यच आहे. पण त्या रोजच्या फेरीचा आणखी एक अर्थ मला या वयात उमगला. ती गस्त होती. चोवीस तासांत एकदा तरी कोणीतरी येऊन पाहून जाणार, हे त्या मुलींना ठाऊक होते. माणसाला निर्धास्त झोप लागते ती कुलपाने नव्हे, उद्या कोणी आपल्याला विचारणार आहे या खात्रीने.

पुढे पार्वतीबाई आठवले यांनी आश्रमाची व्यवस्था हाती घेतली. त्या अण्णांच्या पत्नी बाया कर्वे यांच्या धाकट्या भगिनी. मुलींचे दुखणे-खुपणे पाहणारी, रात्री कोणाच्या खोलीत कंदील अजून का जळतो याची चौकशी करणारी वडील बाई घरातच आली. १९०७ साली महिला विद्यालय निघाले, १९१६ साली महिला विद्यापीठ झाले, माळावर इमारती उठल्या, मुली शेकड्यांनी वाढल्या. त्या मोठ्या इतिहासाचे वर्णन येथे करीत नाही. अनेकांनी ते उत्तम केले आहे.

आपल्या भागात कॅनॉल रस्ता नावाचा रस्ता आहे. भाजी आणावयास रोज जाणाऱ्या किती जणींना ठाऊक आहे की, खडकवासल्याचा डावा कालवा खडकीपर्यंत जाई, तो या बाजूने? कालवा गेला, नाव राहिले. परंतु ते नाव आपल्याला एक गोष्ट सांगत असते : आपण धरणाच्या पायथ्याशी राहतो. नदीच्या वरच्या अंगाला खडकवासला, त्याच्याही वर पानशेत. ही गोष्ट विसरण्याची किंमत पुण्याने १९६१ साली दिली, आणि त्या दिवसाविषयी मी ऐकीव नव्हे, पाहिलेले सांगते.

माझे माहेर नारायण पेठेत, नदीपासून हाकेच्या अंतरावर. मी तेव्हा आठ वर्षांची होते. वाड्यात सात बिऱ्हाडे. पुण्याच्या लोकांना त्या काळी एक छंद असे. नदीला पाणी चढले की लकडी पुलावर जाऊन पूर पाहावयाचा. पोराबाळांना खांद्यावर घेऊन लोक जात, शेंगा खात उभे राहत. पूर म्हणजे पेठेची जत्राच. तेव्हा १२ जुलैच्या त्या बुधवारी ‘पाणी येतेय’ म्हणून ओरडा झाला, तेव्हा काही लोक घराकडे धावले आणि काही चक्क पुलाकडे.

झाले होते ते असे. आंबी नदीवरचे पानशेतचे मातीचे धरण अजून पुरे व्हावयाचे होते, तोच त्या पावसाळ्यात त्यात पाणी साठले. पाणी बाहेर सोडण्याच्या मोरीवरचा भराव खचू लागला. लष्कराचे जवान पोती भरभरून रचीत होते. सकाळी धरण फुटले. ते पाणी खडकवासल्यात आले, आणि गेल्या शतकात बांधलेले ते जुने दगडी धरणही त्या लोंढ्याने फुटले. मग दोन्ही धरणांचे पाणी पुण्यावर आले. पानशेत फुटणे आणि पेठांत पाणी शिरणे यांच्यामध्ये काही तास होते. काही तास! एवढ्या वेळात सबंध पेठ चालत पर्वतीला जाऊन आली असती.

त्या तासांत आमच्या गल्लीत दोन प्रकारचे आवाज होते. एक सायकलवरचा दूधवाला, “धरण फुटलं, वर चला” असे ओरडत गेला. पाठोपाठ दुसरे कोणी म्हणाले, “काही नाही हो, अफवा आहे, घाबरू नका.” आठ वर्षांच्या मुलीला दोन्ही आवाज सारखेच खरे वाटले, आणि मोठ्यांनाही तसेच वाटत होते हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. माझ्या आईने दूधवाल्यावर विश्वास ठेवला. का, असे मी पुढे विचारले, तेव्हा ती म्हणाली, “तो ओरडताना थांबला नव्हता. अफवा सांगणारा माणूस उभा राहून गप्पा मारतो.” तिने देव्हाऱ्यातले देव एका पिशवीत घातले, आम्हा तीन भावंडांचे हात धरले आणि आम्ही पर्वतीच्या पायथ्याला मावशीकडे निघालो.

वाड्याच्या मागच्या अंगाला एका खोलीत एक आजी एकट्या राहत. वाती वळून विकीत, त्यावर त्यांचे चाले. कानांनी पार अधू. आम्ही मुले त्यांना मागल्या दारच्या आजी म्हणत असू, आणि वातींचा कापूस पिंजावयास बसलो तर त्या मुठीत खडीसाखर देत. सात बिऱ्हाडे त्या दिवशी सात वाटांनी निघाली. दोन दिवसांनी चार-पाच जणी एका शाळेतल्या छावणीत भेटल्या, तेव्हा कोणीतरी विचारले, “आजी कोणाबरोबर आहेत?” आई म्हणाली, “मला वाटलं, त्या तुमच्याबरोबर.” त्या वहिनी म्हणाल्या, “मला वाटलं, माडीवरच्यांनी नेलं.” मग कोणीच काही बोलले नाही.

गाळ उपसताना आजी सापडल्या. खोलीची कडी आतून लावलेली होती.

शहर कित्येक दिवस अंधारात होते. खडकवासला फुटल्याने कालवा बंद, कालवा बंद म्हणून पर्वतीच्या जलकेंद्रात पाणी नाही. लोक वाड्यांच्या बुजत आलेल्या विहिरी उपसू लागले. पुण्याच्या पुनर्वसनाचे काम स. गो. बर्वे यांच्याकडे आले आणि त्यांनी ते धडाडीने केले. चौकशीसाठी न्यायमूर्ती बावडेकर यांचा आयोग नेमला गेला, त्यांच्या निधनानंतर न्यायमूर्ती नाईक यांच्या आयोगाने ते काम पुढे नेले. धरण का फुटले, दोष कोणाचा, यावर पुष्कळ कागद झाले. ते व्हावयासच हवे होते. महर्षी त्या वेळी हयात होते, एकशेतीन वर्षांचे. प्लेगापासून पुरापर्यंत पुण्याची सर्व अरिष्टे त्यांनी पाहिली. पण आमच्या वाड्यापुरती चौकशी कोणा आयोगाकडे जाणार नव्हती. ती माझ्या आईच्या मनात मरेपर्यंत चालू राहिली. पुढे आम्ही बिऱ्हाडे पुष्कळ बदलली. नव्या ठिकाणी गेलो की आई सामान लावण्याआधी दारे मोजी. किती दारे, कोणामागे कोण, एकटे कोण.

येथवर बाहेरून येणाऱ्या संकटांविषयी लिहिले. आता ज्या वर्दीविषयी बायकांच्या मंडळाने बोललेच पाहिजे, तिच्याविषयी थोडे लिहिते, मग कोणास ते वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत शोभेसे वाटो अगर न वाटो. साठ-सत्तरच्या दशकांत वर्तमानपत्रात एक दोन ओळींची बातमी वारंवार येई : स्टोव्हचा भडका उडून विवाहित तरुणीचा मृत्यू. आम्ही ती वाचीत असू आणि पान उलटीत असू. स्टोव्ह धोक्याचे होते हे खरेच. पिन करताना, हवा भरताना कित्येकींचे हात भाजले. पण भडका नेहमी सुनेच्याच पदराला कसा लागतो, सासूच्या कधी कसा लागत नाही, हे विचारावयास पुष्कळ वर्षे गेली. १९८२ साली पुण्यात विवाहित तरुणींचे असे मृत्यू गाजले, तेव्हा विद्या बाळ आणि त्यांच्या सहकारी भगिनींनी ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन भरविले. १९८३ साली भारतीय दंडविधानात नवऱ्याने व सासरच्यांनी केलेल्या छळासंबंधी ४९८ अ हे कलम आले. नारी समता मंचाने ‘बोलते व्हा’ या नावाचे केंद्र काढले. ते नाव मला फार आवडते. पीडित बाईला ते बोलते व्हा म्हणतेच, पण शेजारणीलाही म्हणते. कारण भिंतीपलीकडचा आवाज तिने ऐकलेला असतो. महिनोन् महिने ऐकलेला असतो. आणि प्लेगातल्यासारखाच तिला प्रश्न पडतो की, आपण बोललो तर त्या घराची अब्रू जाईल, की आपली?

मी स्वतः एकदा गप्प बसले आहे. कोठे, केव्हा, ते येथे लिहीत नाही. ती मुलगी वाचली, माहेरी गेली, आज तिचे बरे चालले आहे. पण त्यात माझे श्रेय काही नाही.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. बोलणे म्हणजे वाटेल ते बोलणे नव्हे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला, मुले पळविणारी टोळी आली आहे या फोनवरून पसरलेल्या अफवेपायी जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारले. भिक्षा मागून पोट भरणारी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ती माणसे होती. ती अफवा पुढे ढकलणाऱ्या कित्येकांना मनापासून वाटले असेल की, आपण शेजाऱ्यांना सावधच करीत आहोत. मला आईचे वाक्य आठवते. दूधवाला सायकलवरून स्वतः आला होता, त्याला सर्व जण ओळखत होते, आणि चूक ठरली असती तर दुसऱ्या दिवशी दूध घालावयास तो आमच्याच दारात उभा राहणार होता. फोनवरच्या बातमीला दार नसते.

त्याच वर्षी, २७ सप्टेंबर २०१८ रोजी, नदीपलीकडे मुठेचा उजवा कालवा दांडेकर पुलाजवळ फुटला आणि भर दिवसा वस्तीतल्या शेकडो घरांत पाणी घुसले. सुदैवाने वेळ दिवसाची होती. उंदीर, घुशी आणि खेकडे यांनी कालव्याची भिंत पोखरली, असे कारण त्या वेळच्या जलसंपदा मंत्र्यांनी सांगितले. ते ऐकून मला, वाईट वाटत असतानाही, हसू आले. १८९७ साली उंदीर निदान वर्दी तरी देत होता.

आणि मग २५ जुलै २०२४. रात्रभर पाऊस कोसळत होता. खडकवासल्यातून पहाटे पस्तीस हजार क्युसेकच्या घरात पाणी सोडले गेले. आपल्या समोरच्या तीरावर सिंहगड रस्त्याला एकतानगरीत लोक झोपेतून उठले तो वाहनतळ पाण्याखाली. लष्कराला पाचारण करावे लागले. आगाऊ सूचना वेळेवर मिळाली नाही, अशी तेथल्या रहिवाशांची तक्रार होती. त्याच पहाटे डेक्कनजवळ पुलाच्या वाडीत खाद्यपदार्थांची गाडी पाण्यातून हलविताना विजेचा धक्का बसून तीन तरुण दगावले. पाण्यात उतरण्यापूर्वी वीज बंद झाली आहे काय हे कोणाला तरी विचारावयाचे असते, ही गोष्ट आपण पावसाळ्याच्या पहिल्या सभेत दरवर्षी सांगतो. काही भगिनींना त्याचा कंटाळा येतो, हे मला दिसते. तरी आम्ही सांगत राहणार.

आपल्या मंडळाच्या कपाटात हळदीकुंकवाच्या वाणाच्या पिशव्यांमागे एक निळ्या पुठ्ठ्याची वही आहे. नव्या सभासदांना ती ठाऊक नसेल म्हणून लिहिते. आपल्या गल्ल्यांमध्ये एकट्या राहणाऱ्या भगिनींची ती यादी. पुढे रकाने : दुसरी किल्ली कोणाकडे, औषध कोणते, मुलगा वा मुलगी कोठे, गॅसची टाकी कोठे असते. ही वही करावयाचे ठरले तेव्हा मोठा वाद झाला होता. एक माई म्हणाल्या, “एकटी बाई कोठे राहते याची यादी म्हणजे चोराला आयता नकाशा.” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. दिवसाढवळ्या मोटारसायकलवरून मंगळसूत्र खेचून नेल्याच्या गोष्टी आपल्याला नवीन नाहीत. दोघी-तिघींनी नावे देण्यास साफ नकार दिला. मग असे ठरले की, वहीची नक्कल करावयाची नाही, फोनवर तिचे चित्र काढावयाचे नाही, आणि ती कुलपात ठेवावयाची. किल्ल्या दोनच, एक अध्यक्षांकडे, दुसरी चिटणिसांकडे. नकार देणाऱ्यांवर जबरदस्ती करावयाची नाही, हेही ठरले. त्यांपैकी एकीने दुसऱ्या वर्षी आपण होऊन नाव दिले. माईंनी अजून दिलेले नाही. त्यांच्याकडे मी रोज सकाळी फुले मागावयास जाते, ते फुलांसाठीच जाते असे त्या समजतात, किंवा समजल्याचे दाखवितात.

२५ जुलैच्या त्या पहाटे मंडळाच्या फोनगटावर पुराचे एक चलच्चित्र आले. खाली लिहिले होते, धरण फुटले, पळा. आपल्या चिटणीस वहिनी झोपेतून उठल्या होत्या, तरी त्यांनी ते पुढे पाठविले नाही. आधी पूरनियंत्रण कक्षाला फोन लावला. बराच वेळ लागेना. लागला, तेव्हा कळले की, धरण शाबूत आहे, पाणी सोडले आहे, नदीकाठच्यांनी वर जावे. तेवढेच त्यांनी स्वतःच्या आवाजात गटावर सांगितले आणि खाली आपले नाव सांगितले. मग वही काढली. नदीच्या बाजूच्या गल्लीत चार नावे होती. तिघींनी फोन उचलला. चौथ्या आजींचा फोन वाजतच राहिला.

छत्र्या घेऊन आम्ही दोघी गेलो. घंटा वाजविली, वीज नव्हती, वाजली नाही. दारावर थापा मारल्या. माझ्या हाताला त्या वेळी काय झाले होते ते मला सांगता येत नाही. मी थांबेचना. शेवटी मागच्या बाजूला जाऊन खिडकीच्या काचेवर नाण्याने वाजविले, तेव्हा आत कंदील हलला. आजींनी खिडकी उघडली, आम्हाला पावसात उभे पाहिले आणि म्हणाल्या, “अगं, एवढ्या पहाटे? चहा टाकू का?”

त्यांच्या नावापुढे वहीत तांबड्या शाईने लिहिले आहे : फोन व घंटा ऐकू येत नाही. मागील खिडकीवर वाजवावे.